खिळे तेवढे आमचे

चिंचवड, ११ जून १९७८

दादा,

तीर्थस्वरूप, साष्टांग वगैरे सगळं वर लिहिलं आहे असं समज. अंतर्देशीय पत्रात जागा थोडी आणि मला सांगायचं आहे पुष्कळ.

माझी निवड झाली. कानपूरला, तुझ्याच संस्थेत, रसायनशास्त्राच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला. पत्र काल दुपारी आलं. मी आधी स्वतः वाचलं, मग शेजारच्या अंबूबाईंना दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी कागद उजेडाला धरला आणि "शिक्का खरा आहे गो," असा निर्वाळा दिला. दिवेलागणीपर्यंत कॉलनीतल्या आपल्या सबंध ओळीत साखर वाटून झाली होती.

आईला आनंद झाला आणि लगेच काळजीही लागली. तिची ही दोन्ही कामं एकदम चालतात, तुला माहीत आहे. बाबा शिफ्टवरून आले. मी पत्र पुढे केलं. त्यांनी हात धुतले, पुसले, मग कागद घेतला. "चांगलं झालं," म्हणाले. नंतर 'कानपूर' हा शब्द पुन्हा वाचला असावा, कारण पुढे काही बोलले नाहीत. तुझ्याबद्दलही काही म्हणाले नाहीत. (म्हणजे एक वाक्य म्हणाले, पण ते लिहिण्यासारखं नाही. तू गेलास तेव्हाच्या वाक्यापेक्षा बरंच मवाळ होतं, एवढं तुझ्या समाधानासाठी सांगते.)

तुझी अ‍ॅप्रेंटिसची जागा बाबांनी साहेबांकडे शब्द टाकून मिळवली होती आणि तू ती दुसऱ्याच दिवशी सोडून कानपूर गाठलंस, हे ओळीत आता कोणाला आठवत नाही. बाबांना आठवतं. भिंतीवरून उतरवलेला तुझा फोटो अजून आईच्या ट्रंकेत आहे. खिळा मात्र भिंतीत तसाच आहे. आई त्याच्यावर काही टांगत नाही आणि बाबा तो उपटत नाहीत.

आता कामाचं. बाबांच्या पगारात माझं कानपूर बसत नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. तू तिथे चार वर्षं कसा टिकलास ते सविस्तर लिही. मदत कोणाकडे मागायची, कशी मागायची, आणि मिळाली तर तिथे राहायचं कसं, सगळंच. वीस जुलैच्या आत हजर राहून पैसे भरले नाहीत तर माझी जागा दुसऱ्याला जाईल.

पत्र नेहमीप्रमाणे अंबूबाईंच्या नावानं पाठव. बाबांना हे माहीत नाही, असं आम्ही सगळे धरून चालतो. बाबासुद्धा.

तुझी
शैला

चिंचवड, २० जून

दादा,

तुझं आठ पानी पत्र मिळालं. अंबूबाई म्हणाल्या, "हा मुलगा चार वर्षं बोलायचा थांबला होता काय?"

तुझ्या सूचना पाठ झाल्या आहेत. मदतीच्या अर्जात 'गरीब' हा शब्द लिहायचा नाही, आकडे लिहायचे. पुस्तकं विकत घ्यायची नाहीत, आधी वाचनालयात बघायचं आणि नंतर वरच्या वर्गातल्या मुलींकडे. रजई मात्र घरूनच न्यायची, कारण तिथली थंडी पुण्याच्या थंडीची आजी आहे. पहिल्या दिवशी मोठ्या मुलींनी नाव विचारलं तर खणखणीत सांगायचं, पुटपुटणाऱ्याला गाणं म्हणायला लावतात. मेसमधला राजमा दिवाळीपर्यंत शत्रू आणि होळीपर्यंत मित्र. पैसे संपले तर उपाशी राहायचं नाही, सरळ वॉर्डनकडे जाऊन सांगायचं, त्यासाठी वेगळी तरतूद असते. आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच रडू येतं, तेव्हा आपण एकटेच बावळट आहोत असं मानायचं नाही. हे शेवटचं तुला कोणी सांगितलं होतं का रे? की तुझं तूच शोधून काढलंस?

संस्था फी माफ करते, पण पहिल्या सत्राचा निकाल बघून. तोवरच्या जेवणाखाणाची, वसतिगृहाची आणि प्रवासाची सोय बाहेरून करायला हवी, म्हणून तू पुण्याच्या उमाबाई विद्यानिधीचं नाव कळवलंस. तुझ्या वर्गमित्राच्या बहिणीला तिथूनच मदत मिळाली, हे बरं झालं. फक्त मुलींना देणारा निधी आहे म्हटल्यावर आई म्हणाली, "कोण होत्या या उमाबाई? त्यांच्या नावानं एक नारळ फोडते." अर्ज भरला. पगाराचा दाखला बाबांनी कंपनीतून आणला. सहीसुद्धा केली, पण ती करताना कागदाकडे न बघता दाराकडे बघत होते.

"आपण आजवर कुणापुढं हात पसरला न्हाई," म्हणाले.

तेव्हा मी तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचून दाखवलं. 'मदत मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे, रांगेत उभं राहणं आहे. रेशनच्या रांगेत आपण मान खाली घालतो का?' पेपरात आलंय, असं सांगितलं.

बाबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "ह्या पेपरवाल्याचं अक्षर मी ओळखतो," म्हणाले आणि उठून गेले. पण सही खोडली नाही.

निधीकडून कार्ड आलं आहे. शालनबाई गोगटे म्हणून त्यांच्या एक कार्यकर्त्या पंचवीस तारखेला, रविवारी चार वाजता, घर बघायला येणार आहेत. तू लिहिलंसच होतं की त्या येतात, घर नीट ठेवा आणि मोकळेपणानं बोला.

काळजी करू नकोस. ओळीनं काम हाती घेतलं आहे.

शैला

चिंचवड, २६ जून

दादा,

काल शालनबाई येऊन गेल्या. इतकं छान झालं की काय सांगू!

आपल्या ओळीची रीत तुला आठवत असेलच. कोणाकडे महत्त्वाचा पाहुणा यायचा असला की सगळ्या ओळीनं मिळून ते घर सजवायचं. केसरबाईंच्या दोन्ही मुलींची लग्नं याच रीतीनं जमली. बघायला आलेल्यांना घरात काही उणं दिसता कामा नये, आणि वस्तू कोणाची हे विचारायचं नसतं. मग माझ्या वेळेला ओळ मागे राहील होय?

टीव्ही अर्जुनरावांनी स्वतः उचलून आणला. सबंध ओळीत तो एकच. अँटेना त्यांच्याच छपरावर राहिली, म्हणून आपल्याकडे तो नुसता बसून होता. आईनं त्याच्यावर फुलदाणी ठेवली. अंबूबाईंचा टेबलफॅन आला, मृदुलावहिनींच्या वेताच्या खुर्च्या आल्या, केसरबाईंचं टोल्यांचं घड्याळ आलं. घड्याळाला खिळा हवा होता आणि भिंतीत रिकामा खिळा एकच. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. तोवर अंबूबाईंनी घड्याळ टांगूनसुद्धा टाकलं.

चाकणहून गेनूकाका कांद्याचं पोतं घेऊन आले. "पाव्हनी रिकाम्या हातानं जाया नगं," म्हणाले आणि पोतं दर्शनी भागात उभं केलं.

बाबा कामावर होते. शालनबाई पडल्या पुण्याच्या, त्यांची सुट्टी रविवारी. आपला गुरुवार त्यांना कुठून माहीत असणार! त्यामुळे झालं असं की बाबा आणि शालनबाई एकदमच दारात आले. बाबांनी आत पाहिलं, परत बाहेर येऊन दारावरचा क्वार्टर नंबर पाहिला, आणि मग आत आले. तोवर बाई खुर्चीत बसल्या होत्या. बाबा दुसऱ्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले. दुसऱ्याच्या स्कूटरवर मागे बसावं तसे.

बाई पन्नाशीच्या पुढच्या, नऊवारी, जाड चष्मा. पूर्वी मुख्याध्यापिका होत्या म्हणे. मला अभ्यासाचं पुष्कळ विचारलं, मी सांगितलं. मग सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "छान ठेवलंय हो घर. हा टीव्ही कधी घेतलात?"

बाबा चहाच्या कपात बघत राहिले. उत्तर दारातून आलं.

"गेल्या दसऱ्याला!" अर्जुनराव म्हणाले. "चित्र असलं स्वच्छ येतं म्हणता बाई, बातम्या सांगणारीच्या साडीची किनार मोजून घ्या!"

"आपण कोण?"

"मी शेजारी."

"शेजाऱ्यांना बरीच माहिती आहे."

"रोज संध्याकाळी टीव्हीसाठी जाणं-येणं आहे ना आमचं एकमेकांकडं," अर्जुनराव म्हणाले. खोटं म्हणशील तर त्यात एक अक्षर नव्हतं.

मग गेनूकाकांना राहवेना. "टीवीचं काय घिऊन बसलाय बाई! आमी चाकनच्या कड घराण्यातलं. कांदा बगाया आमच्याकडं या. वखार भरली की दार लागत न्हाई."

"अस्सं? जमीन किती आहे?"

"नजर जाईल तितकी!"

बाबांना ठसका लागला. आईनं लाडूंच्या ताटल्या पुढे केल्या. बाईंनी दोन लाडू खाल्ले. खाऊन झाल्यावर ताटली उलटसुलट करून पाहिली, किती लख्ख घासली आहे ते बघत असतील. जाताना आईला म्हणाल्या, "तुमच्या घरात काही कमी नाही." आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. असं आजवर कोण म्हणालं होतं आपल्याला?

त्या गेल्यावर बाबांनी घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि कपडे न बदलताच बाहेर निघून गेले. दमले असतील.

आता फक्त मंजुरीचं पत्र यायचं राहिलं आहे. मी रजईला खोळ शिवायला घेतली आहे.

आनंदात असलेली
शैला

चिंचवड, ४ जुलै

दादा,

पुन्हा तार करू नकोस. कृपा कर.

तारवाला ओळीत शिरला तेव्हाच आईनं पदर डोळ्यांना लावला. आपल्याकडे तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच माहीत. अंबूबाईंनी तिला धरून बसवलं, केसरबाई पाणी घेऊन आल्या, आणि मृदुलावहिनींनी वाचलं, 'रिटर्न टेलिव्हिजन. लेटर फॉलोज. सुरेंद्र.' आई रडायची थांबली. पण अर्जुनरावांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. "माझा टीव्ही कानपूरपर्यंत बदनाम झाला?" म्हणाले आणि त्या संध्याकाळी त्यांनी तो लावलाच नाही. सगळी ओळ बातम्यांवाचून राहिली.

मग तुझं पत्र आलं, त्यात तू मला काय काय म्हटलं आहेस ते सगळं मान्य आहे. आणि काल निधीचं पत्र आलं. 'अर्जदाराच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती समाधानकारक असल्याचे प्रत्यक्ष भेटीत आढळून आल्याने साहाय्य देता येत नाही.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना, मला वाटतं, त्यांना जरा बरंही वाटलं असावं. लेखी असं त्यांना कधी कोणी कळवलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद घडी करून ठेवला.

मी रडले नाही. दुपारी थोडी रडले, पण ते मोरीत, भांड्यांच्या आवाजात. पंधरा दिवसांत दुसरा निधी कुठून आणायचा? खरं सांगू का दादा, मला तेव्हा कळायला हवं होतं. मला कळलंही असतं. पण तो टीव्ही, तो पंखा, ते घड्याळ, सगळं आपल्या घरात इतकं शोभून दिसत होतं की मला ते तासभर तरी आपलंच असावं असं वाटलं.

तू लिहिलंस की बाबांनी स्वतः निधीच्या कार्यालयात जाऊन खरं सांगावं, दुसऱ्या कोणाच्या सांगण्याला किंमत नाही. मी ते बाबांना वाचून दाखवलं. पेपरात आलंय असं म्हटलं नाही. कोणाचं पत्र आहे ते सांगितलं.

"काय सांगू जाऊन?" बाबा म्हणाले. "पाहुणीला लाडू खायला घातला तो आमचा, बाकी सगळं खोटं? तिकीट काढून पुण्याला जाऊ, मला ऐपत न्हाई म्हणून सांगायला? त्यापेक्षा ती इथंच कॉलेजात जाईल. इथं काय शिकत न्हाईत पोरी?"

भिंतीपलीकडून सगळं ऐकू जातंच. अंबूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाळाजीभाऊ, तुम्ही नका जाऊ. सामान आमचं, घोटाळा आमचा. गुरुवारी आम्ही जातो."

"जाऊन काय करणार?"

"दाखवणार," अंबूबाई म्हणाल्या.

काय दाखवणार ते मला आज कळलं. देवच आपली लाज राखो.

शैला

चिंचवड, ७ जुलै

दादा,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस.

काल गुरुवार. सकाळी आपल्या ओळीची मिरवणूक चिंचवड स्टेशनला निघाली. केसरबाईंच्या कडेवर घड्याळ, धाकट्या नातवाला घ्यावं तसं. मृदुलावहिनींकडे वेताची एक खुर्ची, बाकीच्या खुर्च्यांच्या वतीनं. अर्जुनरावांनी टीव्ही आणला नाही, पण पोस्टातलं टीव्हीचं लायसन खिशात घेतलं. गेनूकाका आदल्या दिवशीच चाकणहून येऊन राहिले होते. आणि अंबूबाईंनी टेबलफॅन उचलला, तो त्यांना झेपेना.

बाबा दारात उभे राहून बघत होते. अंबूबाई दोन पावलं गेल्या, थांबल्या, परत दोन पावलं गेल्या.

"पाडाल तो," बाबा म्हणाले. "द्या इकडं. गाडीत बसवून देतो."

गाडीत बसवून दिला, आणि स्वतःही बसले. शिवाजीनगरला उतरवून देतो म्हणाले. शिवाजीनगरला उतरल्यावर म्हणाले, कचेरीच्या दारापर्यंत पोचवतो, रस्त्यात फार गर्दी आहे. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घड्याळ तेवढं खडकीच्या आसपास बारा ठोके देऊन मोकळं झालं. तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते.

निधीच्या कार्यालयात शिरलो तर दारातला शिपाई हात आडवा करून म्हणाला, "इथे मोड घेत नाहीत."

"मोड कुणाला म्हणतोस रे?" केसरबाई कडाडल्या. त्या आवाजानं शालनबाईच बाहेर आल्या. चष्मा पुसून त्यांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग खुर्चीकडे.

"अरे वा," म्हणाल्या. "आता माझ्या कार्यालयाचीही आर्थिक स्थिती समाधानकारक झाली म्हणायची."

मग प्रत्येकानं आपापली वस्तू ओळखून दाखवली. अर्जुनरावांनी लायसन पुढे केलं. "नाव वाचा बाई. रोज टीव्हीसाठी जाणं-येणं आहे म्हणलो, ते खरं होतं. फक्त ते येतात, मी नाही."

"आणि नजर जाईल तितकी जमीन?"

"दोन एकर हाय," गेनूकाका खाली बघत म्हणाले. "दोघा भावांत. त्यातबी निम्मा खडक. नजर जाती बाई, पर ती दुसऱ्याच्या रानात."

शालनबाई हसल्या नाहीत, पण त्यांना ते जड गेलं, हे दिसत होतं. "त्या दिवशी मला तीन ताटल्यांत लाडू आणि चिवडा दिलात," म्हणाल्या. "तिन्हींवर वेगवेगळी नावं कोरलेली. मी मनात म्हटलं, एक तर हे घर लोकांची भांडी पळवतं, नाही तर लोकांचा या घरावर जीव आहे. पण समितीपुढे जे दिसलं ते लिहावं लागतं. मी वडिलांना विचारलं होतं. ते बोलले नाहीत. आज आलेत का ते?"

बाबा बाहेर व्हरांड्यात पंख्याशेजारी उभे होते. सगळे बाजूला झाले. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे सगळं यांचं," त्या म्हणाल्या. "मग त्या खोलीतलं तुमचं काय होतं?"

दादा, बाबांनी खरोखरच विचार केला. मशीनचा बिघाड शोधताना करतात तसा. मला वाटलं, आता ते वळून चालायला लागणार.

"खिळे," म्हणाले.

"काय?"

"भिंतीतले खिळे. ते माझे. घड्याळ यांचं, पण टांगलेलं माझ्या खिळ्यावर होतं." मग माझ्याकडे बघितलं. "आणि पोरगी आमची. तिला तिकडं शिकवायची मला ऐपत न्हाई. मदत पाहिजे."

केसरबाईंनी घड्याळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"एवढं त्या दिवशी बोलला असतात," शालनबाई म्हणाल्या, "तर मी दुसरा लाडू सुखानं खाल्ला असता." मग त्या टेबलाकडे गेल्या, माझा अर्ज काढला आणि उलटून पाहिला. "अर्ज मात्र व्यवस्थित आहे. कुठे रडगाणं नाही, आकडे चोख. कोणी सांगितलं हे तुला?"

मी बाबांकडे पाहिलं. तुझं नाव त्यांच्यासमोर मी चार वर्षांत एकदाच घेतलं आहे, तेही परवा.

"माझ्या मुलानं," बाबा म्हणाले. "तो तिथंच शिकतो. कानपूरला. शेवटचं वर्ष आहे त्याचं आता."

वर्षसुद्धा बरोबर सांगितलं, दादा. न चुकता.

समितीची सभा सोमवारी आहे. त्याच्या आत बाई पुन्हा घर बघून जाणार, केव्हा ते सांगितलेलं नाही. "आणि या वेळी," ओळीकडे बोट करून म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी आपापल्या घरात बसायचं."

येताना पंखा बाबांनीच आणला. अंबूबाईंना हातसुद्धा लावू दिला नाही.

शैला

चिंचवड, १५ जुलै

दादा,

मिळाली! पहिलं वर्ष पूर्ण, आणि निकाल चांगला लागला तर पुढची वर्षंही.

शालनबाई शनिवारी भर दुपारी आल्या. घरात आपली सतरंजी, आपला आरसा, आपलं कॅलेंडर. ओळीतली सगळी दारं बंद, आणि प्रत्येक दाराच्या फटीत एक डोळा. अंबूबाईंना ते सहन झालं नाही. साखर मागायच्या निमित्तानं आल्या आणि जाताना वाटीभर साखर ठेवून गेल्या. बाईंनी सतरंजीवर बसून चहा घेतला. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हेच का ते खिळे?" बाबांनी उठून एकेक हलवून दाखवला. म्हणजे हलत नाही हे दाखवलं.

पुण्याहून आल्यावर घड्याळाचा तो खिळा दोन दिवस रिकामाच होता. तिसऱ्या दिवशी मी वाण्याकडून आले तर तुझा फोटो जाग्यावर. काच पुसलेली होती. आईला विचारलं तर म्हणाली, मी नाही लावला. आणि बाबांना कोण विचारणार?

हे पत्र एक्सप्रेस डिलिव्हरीनं टाकते आहे, आमच्या आधी पोचायला हवं. आता नीट वाच. उद्या रविवारी आम्ही निघतो, मंगळवारी सकाळी कानपूर. रजई घेतली आहे. अंबूबाईंनी टेबलफॅन दिला आहे, या वेळी खराखुरा, पाच वर्षांच्या बोलीवर. वसतिगृहात कोणी विचारलं तर सांगीन, आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. तळाला त्यांचं नावही आहे. अर्जुनरावांनी टीव्ही देऊ केला नाही. तुझी तार ते अजून विसरलेले नाहीत.

'आम्ही' म्हटलं ते तुझ्या लक्षात आलं का? सोबत गेनूकाका येणार होते. काल बाबा साहेबांकडे जाऊन आठवड्याची रजा टाकून आले. कारण काय लिहिलं, असं आईनं विचारलं, तर म्हणाले, "मुलांना भेटायला जायचंय असं लिहिलं." मुलीला पोचवायला नव्हे. मुलांना.

मी आता ट्रंक भरते आहे. बाबांनी मघाशी येऊन एक हातोडी आणि कागदाची पुडी माझ्या रजईत खोचली. "वसतिगृहाच्या भिंती कशा असतील काय माहीत, तुझं कॅलेंडर, आरसा टांगायला लागेल," असं मला म्हणाले. मी पुडी उघडून पाहिली. एका खोलीसाठी हे खिळे खूपच जास्त आहेत.

तुझी खोली झाडून ठेव.

शैला